काट्यावरची रांग आणि ऑफिसातला अठरा नंबरचा पोर्ट

चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात गाळप नुकतंच सुरू झालं होतं आणि वजनकाट्यावरची रांग गेटच्या बाहेर, रस्त्यावर आली होती. मिल नीट चालू होती, गव्हाणीकडून, म्हणजे ऊस मिलला देतात त्या जागेकडून, तक्रार नव्हती. अडत होतं ते काट्यावर. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढायची, इंडिकेटरवर वजन लगेच स्थिर व्हायचं, पण क्लार्कने संगणकावर ‘सेव्ह’ दाबलं की चकती फिरत राहायची. कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं, तर कधी सर्व्हरशी संपर्क तुटल्याची पाटी यायची आणि सगळं पहिल्यापासून.

बाहेरच्या माणसाला ही नुसती गैरसोय वाटेल, पण तोडलेला ऊस वाळत असतो. वजन घटतं, उताराही (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घटतो, आणि वजनातली घट थेट शेतकऱ्याच्या खिशातून जाते. शिवाय काटा दोनदा लागतो: आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग गव्हाणीत ऊस टाकून आल्यावर रिकाम्या गाडीचं. म्हणजे एका खेपेला दोनदा तीच चकती. सदलगा-बोरगाव पट्ट्यातले एक वयस्कर शेतकरी केबिनच्या खिडकीशी येऊन म्हणाले, “ओ सायेब, आकडा तर तिथं दिसतोय की. मग पावती कुठं अडकलीया?” प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या भागात काटामारी हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. इंडिकेटरवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा यांच्यात दोन मिनिटांचं अंतर पडलं की शंका येणारच, आणि ती खोटी आहे हे सांगून पटत नाही.

जोडणी कशी होती

सर्व्हर ऑफिसच्या इमारतीत, काटा यार्डाच्या पलीकडे. तांब्याच्या नेटवर्क केबलला १०० मीटरची मर्यादा असते आणि हे अंतर त्याहून बरंच जास्त, म्हणून मधे फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, टाकलेली. ऑफिसात सिस्को कंपनीचा २४ पोर्टचा जुना मॅनेज्ड स्विच (केबली एकत्र जोडणारी, कमांड देऊन बघता-बदलता येणारी पेटी), त्याच्यापासून हातभर पॅच कॉर्डने (छोट्या जोडकेबलने) एक मीडिया कन्व्हर्टर (तांब्यावरचा सिग्नल फायबरवर नेणारी डबी), तिथून फायबर यार्डाखालून काट्याच्या केबिनपर्यंत. केबिनमध्ये दुसरा कन्व्हर्टर आणि एक साधा छोटा स्विच. त्या स्विचवर संगणक, पावतीचा प्रिंटर आणि गाडीचा फोटो काढणारा कॅमेरा. कॅमेरा याच हंगामात नवीन बसवलेला: प्रत्येक वजनाबरोबर फोटोही सर्व्हरवर जातो.

मला बोलावलं तोपर्यंत बरंच काही बदलून झालं होतं. केबिनमधला संगणक फॉरमॅट केला, छोटा स्विच नवा आणला, पॅच कॉर्ड बदलल्या. फायबरवाल्याने पॉवर मीटर लावून प्रकाश पुरेसा येतोय हे दाखवून दिलं. सॉफ्टवेअरवाले म्हणत होते नेटवर्क बघा, आणि कारखान्यात संगणकाचं बघणारा मुलगा म्हणत होता, “सर, पिंग तर जातंय की! एकपण लॉस नाही.” तो खरंच सांगत होता. सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारं छोटं पाकीट (डेटाचा तुकडा) पाठवलं, की उत्तर लगेच यायचं, तासभर चालू ठेवलं तरी एकही पाकीट हरवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणी केली नव्हती. ऑफिसातल्या मोठ्या स्विचला कुणी काही विचारलंच नव्हतं. रॅकच्या दारावर ‘मुट्टबेडी’ अशी, म्हणजे हात लावू नका अशी, कन्नड चिठ्ठी चिकटवलेली होती आणि सगळ्यांनी ती पाळली होती. काट्याचा त्रास म्हणजे दोष काट्याकडेच, अशी सगळ्यांची धारणा झाली होती.

कन्सोलवर काय दिसलं

स्विचला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) होता, टेलनेटही (नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरायची सोय) चालू होतं, पण मी कन्सोल केबलच लावली. चालू हंगामात, ज्या नेटवर्कवर संशय आहे त्याच नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरणं मला पटत नाही. ती फिकट निळी चपटी केबल एका टोकाने स्विचच्या कन्सोल पोर्टात बसते. दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा सीरियल प्लग असतो, आणि आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसल्यामुळे मधे यूएसबीचा अडॅप्टर लागतो. पुट्टी या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. एन्टर दाबला की स्विचचं नाव उमटतं. ‘इनेबल’ लिहून पासवर्ड दिला की नावापुढचं चिन्ह बदलून हॅश येतं, म्हणजे आता सगळं बघता येतं. पासवर्ड कार्यालय अधीक्षकांनी एका रजिस्टरच्या मागच्या पानावरून काढून दिला. तो मिळाला हे फार बरं झालं. नसता तर समोरचं मोड बटण दाबून धरत स्विच बंद-चालू करावा लागला असता, आणि तेवढा वेळ काट्यासकट सगळा कारखाना खाली बसला असता.

आधी पुट्टीचं लॉगिंग चालू केलं, म्हणजे पडद्यावर जे येईल ते फाईलमध्ये उतरेल. मग ‘टर्मिनल लेंथ ०’, म्हणजे स्विच पानापानाला थांबणार नाही. त्यानंतर ‘शो रनिंग-कॉन्फिग’, म्हणजे स्विचची चालू मांडणी दाखव. काहीही बदलण्यापूर्वी स्विचची आजची अवस्था जशीच्या तशी हातात असली पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. ‘शो क्लॉक’ केलं तर स्विच मार्च १९९३ मध्ये होता. वेळ कुणी लावून दिलीच नाही की सिस्कोचे हे स्विच सुरू होताना १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. म्हणजे लॉगमधल्या तारखांवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

मग ‘शो इंटरफेसेस स्टेटस’. ही कमांड मला फार आवडते, कारण एका पडद्यात सगळे पोर्ट दिसतात: कुठे जोडणी आहे, कोणत्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या कोणत्या विभागात), डुप्लेक्स (एकाच वेळी दुतर्फा की आळीपाळीने) काय, वेग काय. बहुतेक ओळींवर ‘ए-फुल’ आणि ‘ए-१००’ होतं. त्यातला ‘ए’ म्हणजे ऑटो: दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवलेलं. दोन ओळींवर मात्र हा ‘ए’ नव्हता, नुसतं ‘फुल’ आणि ‘१००’, म्हणजे हाताने पक्कं केलेलं. त्यातला एक पोर्ट अठरा नंबरचा.

काटा कोणत्या पोर्टवर आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. केबिनमधल्या संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) फोनवरून वाचून घेतला आणि ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’ला तो पत्ता देऊन विचारलं. उत्तर आलं: फास्टइथरनेट ०/१८.

मग ‘शो इंटरफेसेस फास्टइथरनेट ०/१८’. इथे घाई करू नये, ओळ न ओळ वाचावी. वरच लिहिलेलं: फुल-डुप्लेक्स, १०० मेगाबिट. खाली आत येणाऱ्या पाकिटांच्या चुका: सीआरसी, म्हणजे तपासणीत बिघडलेली निघालेली पाकिटं, हजारोंच्या घरात, आणि सोबत रंट्स, म्हणजे ६४ बाइटपेक्षा लहान, मधेच तुटलेली पाकिटं. बाहेर जाणाऱ्या बाजूला मात्र कोलिजन (टक्कर) शून्य, लेट कोलिजन शून्य. एकूण आकड्याने काही सिद्ध होत नाही, तो गेल्या वर्षीचाही असू शकतो. म्हणून ‘क्लिअर काउंटर्स’ करून त्या पोर्टचे आकडे शून्यावर आणले आणि मुलाला केबिनमध्ये पाठवलं. फोन चालू ठेवून तो सांगायचा, “आता ट्रॉली चढली… आता सेव्ह दाबलं.” ‘सेव्ह’ दाबल्यावर मी कमांड पुन्हा चालवायचो आणि सीआरसीचा आकडा हललेला असायचा. काटा रिकामा असताना आकडा जागेवर.

सीआरसी म्हणजे केबल खराब?

सीआरसी दिसला की केबल बदला, हे आपल्या धंद्यात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण खराब केबल गाडी बघून चुका करत नाही. ती एकट्या पिंगलाही सोडत नाही, पिंग लांबवर चालू ठेवलं की कुठे ना कुठे पाकीट गळतंच. इथे एकटं पिंग स्वच्छ होतं आणि दोन्ही बाजूंनी एकदम डेटा वाहिला की पाकिटं फुटत होती. हे पक्कं करायला केबिनमधून सर्व्हरवर एक मोठी फाईल कॉपी करायला लावली आणि त्याच वेळी पिंग चालू ठेवलं. आता मात्र पिंगची उत्तरं गळायला लागली आणि इकडे सीआरसी, रंट्स दोन्ही भराभर चढले.

हे लक्षण डुप्लेक्स न जुळल्याचं आहे. फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही टोकं एकाच वेळी पाठवू आणि घेऊ शकतात. हाफमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं. आपण बोलत असताना समोरून आवाज आला तर टक्कर झाली समजून थांबायचं. एकेरी पुलावर एक गाडीवान समोर बघून थांबतो आणि दुसऱ्याला पूल दुपदरी आहे असंच वाटतं, तर काय होईल, तसं. स्विच फुल समजून केव्हाही पाठवतो. कन्व्हर्टर हाफमध्ये असला तर त्याचं अर्धं पाकीट पाठवून झालेलं असतं, तो टक्कर समजून ते मधेच सोडून देतो, आणि तो अर्धा तुकडा स्विचकडे सीआरसी किंवा रंट म्हणून मोजला जातो. टक्कर पहिल्या ६४ बाइटच्या आत झाली तर हाफवाला स्वतः पुन्हा प्रयत्न करतो. त्यानंतर झाली तर ती लेट कोलिजन, आणि ते पाकीट गेलंच. मग वरच्या टीसीपीला (डेटा पोचल्याची खात्री करणारी व्यवस्था) ते पुन्हा पाठवावं लागतं, आणि प्रत्येक अपयशानंतर टीसीपी आधीच्या दुप्पट वेळ थांबतं. काट्यावरची दोन मिनिटांची चकती या दुपटीतून आलेली. पिंगमध्ये एक पाकीट जातं, उत्तर येतं, मग दुसरं जातं. समोरासमोर गाठ पडायची वेळच येत नाही, म्हणून ते बिचारं कायम हिरवं.

आता कन्व्हर्टर हाफमध्ये का गेला? ऑटो-निगोशिएशन १९९५ च्या ८०२.३यू या मानकातून आलं. दोन्ही टोकं बारीक स्पंदनांतून आपापली ताकद सांगतात आणि दोघांना जमेल ते सर्वांत चांगलं निवडतात. पण एका टोकाला वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के केले की ते टोक ही स्पंदनं पाठवायचं बंद करतं. समोरच्याला नुसत्या सिग्नलवरून वेग ओळखता येतो, १० की १००, पण डुप्लेक्स ओळखायला काहीच खूण नसते. अशा वेळी मानक सांगतं: हाफ धरा. म्हणजे एका बाजूला फुल पक्कं केलं आणि दुसरी बाजू ऑटोवर ठेवली, तर निकाल ठरलेलाच.

कन्व्हर्टरला कमांड लाईन नव्हती, पण दिवे होते. रॅकमागे वाकून मोबाईलच्या उजेडात बघितलं. लिंकचा दिवा हिरवा, शंभरचा हिरवा, आणि ‘एफडीएक्स’ लिहिलेला दिवा विझलेला. फुल डुप्लेक्स असता तर तो पेटला असता. ‘सेव्ह’ दाबलं की तोच दिवा लुकलुकायचा: त्या टक्करी होत्या. दोन सिस्को स्विच थेट जोडलेले असते तर सीडीपीने (सिस्कोची यंत्रं एकमेकांना ओळख देतात ती भाषा) डुप्लेक्स जुळत नसल्याचा संदेश लॉगमध्ये टाकला असता. मधे कन्व्हर्टर असल्यामुळे स्विचला बोलायला समोर कुणी नव्हतंच, आणि लॉग कोरा.

मग मागचा उलगडाही झाला. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि ऑफिसातला जुना कन्व्हर्टर जळाला. त्या जुन्याला बाजूला डिप स्विच (छोटे खटके) होते आणि तो १०० फुलवर पक्का केलेला होता. म्हणून तो बसवताना त्या वेळच्या माणसाने स्विचचा पोर्टही तसाच पक्का केला. त्याने केलं ते त्या दिवशी बरोबर होतं. नवीन कन्व्हर्टर आला तो नुसता ऑटोवर चालणारा. मे ते ऑक्टोबर काटा बंद, त्यामुळे बिघाड लपून राहिला. हंगाम लागला, त्यात कॅमेऱ्याच्या फोटोंचा भार आला, आणि रांग रस्त्यावर. सगळ्यांनी यार्डभर फायबर शोधली. दोष होता ऑफिसातल्या हातभर पॅच कॉर्डच्या दोन टोकांमध्ये.

दुरुस्ती

उपाय तीन होते. स्विचचा पोर्टही हाफ करणं: दोन्ही बाजू जुळल्या असत्या, पण काट्याला कायम एकेरी रस्ता. डिप स्विचवाला कन्व्हर्टर शोधून आणणं: चाललं असतं, पण तो पुन्हा जळाला की हाच फेरा. तिसरा, पोर्ट ऑटोवर सोडणं. मी तिसरा घेतला. हाताने पक्कं करायची सवय नव्वदच्या दशकातली आहे, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचं ऑटो एकमेकांशी जमत नसे. गिगाबिटच्या तांब्याच्या केबलवर तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे. आज पोर्ट पक्का करायला सबळ कारण लागतं, आणि ते कारण तिथेच लिहून ठेवलेलं असावं लागतं.

वेळ निवडली पाळी बदलायची. क्लार्कना सांगितलं, “मिनिटभर गाडी चढवू नका.” कारण असं की बदलाने पोर्ट क्षणभर पडतो आणि उठल्यावर स्पॅनिंग-ट्री (नेटवर्कात डेटा गोल फिरत राहू न देणारी व्यवस्था) त्याला १५ सेकंद ऐकत आणि १५ सेकंद शिकत ठेवते, मगच वाहतूक सोडते. टेलनेटवरून असतो आणि माझाच रस्ता तुटायची भीती असती, तर आधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवलं असतं: संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो, आणि सगळं ठीक झालं की ‘रीलोड कॅन्सल’. कन्सोलवर त्याची गरज नव्हती, आणि चालू कारखान्यात असला टाइमर मी उगाच लावत नाही.

‘कॉन्फिगर टर्मिनल’, ‘इंटरफेस फास्टइथरनेट ०/१८’, ‘स्पीड ऑटो’, ‘डुप्लेक्स ऑटो’, आणि तिथेच ‘डिस्क्रिप्शन वजनकाटा’. बाहेर येऊन स्टेटस बघितलं: अठरावर आता ‘ए-फुल’, ‘ए-१००’. रॅकमागे एफडीएक्सचा दिवा पेटलेला. काउंटर पुन्हा शून्यावर आणले आणि मुलाला तीच मोठी फाईल कॉपी करायला लावली. सीआरसी शून्य, रंट्स शून्य, पिंग सोबत चालू आणि एकही गळती नाही. पहिली ट्रॉली चढली आणि ‘सेव्ह’ दाबताच प्रिंटरने पावती ओढली. क्लार्क फोनवर एवढंच म्हणाले, “झालं की हो.”

इथे बरेच जण उठतात, आणि उठू नये. कमांडने केलेला बदल चालू मेमरीत असतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ केलं नाही तर पहिल्याच ट्रिपिंगला स्विच जुन्या, पक्क्या पोर्टसकट उठणार. कारखान्याची स्वतःची वीज असली तरी हंगामात ट्रिपिंग होतंच, आणि तेव्हा कुणालाही आजचं काम आठवलं नसतं. सेव्ह केल्यावर ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’मध्ये अठरा नंबरच्या खाली स्पीड आणि डुप्लेक्सच्या ओळी राहिल्या नाहीत हे डोळ्यांनी बघितलं. ऑटो हे मूळचंच असल्यामुळे त्या ओळी कॉन्फिगमधून निघूनच जातात.

घड्याळ लावलं आणि सर्व्हरकडून वेळ घेण्याची सोय केली. टेलनेट बंद करून एसएसएच (तशीच, पण सुरक्षित सोय) चालू केलं. लॉगची फाईल आणि बदलानंतरचं कॉन्फिग अधीक्षकांच्या संगणकावर ठेवलं. मुलाला मी ‘शो’ने सुरू होणाऱ्या कमांड शिकवल्या आणि एवढंच सांगितलं की ‘शो’ने काहीही बिघडत नाही, दिवसातून दहा वेळा बघ. खिडकीशी आलेल्या त्या शेतकरी मामांनाही केबिनमध्ये बोलावून इंडिकेटर, पडदा आणि पावती शेजारी शेजारी दाखवली. त्यांनी तिन्ही आकडे बोट ठेवून वाचले.

राहिला ‘ए’ नसलेला दुसरा पोर्ट. मॅक पत्त्यावरून तो लॅबकडे जाणारा निघाला, जिथे उसाचा उतारा तपासतात. त्यावर सीआरसी शून्य. लॅबमध्ये जाऊन बघितलं तर तिथला कन्व्हर्टर जुन्याच जातीचा, डिप स्विच १०० फुलवर. दोन्ही टोकं हाताने पक्की आणि एकमेकांशी जुळलेली. तो पोर्ट मी ऑटो केला असता तर आजच्या काट्याचाच आजार उलट बाजूने लॅबला लागला असता, या वेळी हाफ स्विचकडे. म्हणून त्याला हात लावला नाही. फक्त डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं: लॅब, समोर १०० फुल पक्कं, कन्व्हर्टर बदलताना हा पोर्टही बदलणे. तीच ओळ छापून लॅबमधल्या कन्व्हर्टरवर चिकटवली, मराठीत आणि कन्नडमध्ये.